पाठवणाऱ्यांची तयारी

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या पदवीचे एक सत्र, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांचा काळ, परदेशी विद्यापीठात शिकून उरलेले शिक्षण पुन्हा आपल्याच महाविद्यालयात पूर्ण करणे, या व्यवस्थेला परदेशी सत्र असे म्हणता येईल. पूर्ण पदवीसाठी परदेशी जाण्याहून ही गोष्ट निराळी आहे, कारण येथे निघण्याच्या दिवशीच परतीचा महिना ठरलेला असतो आणि विद्यार्थ्याचे नाव मूळ महाविद्यालयाच्या पटावर कायम राहते. २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झालेल्या, पण बोलण्यात अजून ‘नगर’च राहिलेल्या जिल्ह्यात असे विद्यार्थी पाठवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांचा अनुभव असा की विद्यार्थी वर्षभरात तयार होतो, भाषेची परीक्षा, अर्ज, मुलाखत यांसाठी त्याला मार्गदर्शन मिळते आणि ते तो घेतोही, परंतु त्याला पाठवणारे आईवडील मात्र विमानतळावरच्या निरोपापर्यंत अर्धवट माहितीवर चालत राहतात. पुढे उभ्या राहणाऱ्या अडचणींपैकी पुष्कळशा या अर्धवटपणातून आलेल्या असतात, आणि म्हणून पालकांची तयारी हे या कामाचे शेपूट नसून त्याचा पाया आहे, असे या कामात काही वर्षे घालवलेल्या माणसाचे मत बनत जाते.

पहिला गोंधळ शब्दांचाच असतो. वर्तमानपत्रात राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची बातमी वाचून आलेले वडील तीच आपल्या मुलालाही मिळेल असे धरून चालतात. पण ती शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर शिक्षण वा पीएच.डी. करण्यासाठी असते, एका सत्रासाठी नसते. दुसरा गोंधळ फीचा. दोन विद्यापीठांमध्ये विद्यार्थी-विनिमयाचा करार असेल तर विद्यार्थी आपली नेहमीची फी आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि परदेशी विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. करार नसेल तर तिथली पूर्ण फी भरावी लागते. तिसरा गोंधळ क्रेडिटचा. क्रेडिट म्हणजे विषयासाठी विद्यार्थ्याने द्यावयाच्या अभ्यासतासांचे माप. युरोपात एका सत्राची तीस क्रेडिटे धरतात आणि एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांचे काम अपेक्षित असते. तिथे कोणते विषय घ्यायचे आणि इथल्या कोणत्या विषयांऐवजी ते मोजले जातील, हे दोन्ही विद्यापीठे व विद्यार्थी मिळून आधी लेखी ठरवतात. त्या कागदाला अभ्यास-करार म्हणतात. पालकांनी या कागदाची प्रत घरी ठेवावी, कारण परत आल्यावर केटी लागली की नाही, वर्ष वाया गेले की नाही, हा प्रश्न त्याच कागदावर सुटतो.

या जिल्ह्याला परक्या मुलुखातून आलेल्या माणसांची सवय जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उभारले, तेव्हापासून बोस्टनकडच्या घरांतली तरुण माणसे इथे राहू लागली आणि त्यांच्या आईवडिलांना त्यांची खुशाली पत्राने, तीही महिनोन्‌महिन्यांनी, कळत असे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतले शिक्षण संपवून जामखेडला आले आणि त्यांनी उभारलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प पाहायला, तिथे राहून शिकायला, देशोदेशींचे विद्यार्थी येऊ लागले. गावोगावच्या आरोग्यसेविकांकडून शिकणारी ती मुले-मुली जामखेडच्या लोकांनी पाहिलेली आहेत. ‘परक्या देशात पोरगी एकटी राहील कशी’ या प्रश्नाला पालकसभेत आकडेवारीने दिलेले उत्तर पोचत नाही; पण समुद्रापलीकडच्या कोणा आईनेही आपली मुलगी अशीच एका अनोळखी तालुक्यात पाठवली होती आणि इथल्या बायांनी तिला सांभाळून घेतले होते, एवढे सांगितले की सभेतली शांतता बदलते. जिल्ह्याजवळ स्वतःचा असा दाखला असताना तो कोणी वापरत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कागदपत्रांच्या कामाला अनुभवी माणूस नावापासून सुरुवात करतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नावाचा वेगळा असतो, व त्या दुसऱ्या रकान्यात मराठी घरे बहुधा वडिलांचेही नाव घालतात. परदेशी कार्यालय मात्र शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे धरते, आणि गुणपत्रिकेवरून नोंद झाली तर विद्यार्थी तिथे वडिलांच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. नगर जिल्ह्यात या घोळात आणखी एक भर पडते. भाऊसाहेब, रावसाहेब, बाळासाहेब, आण्णासाहेब ही इथे नुसती आदराची संबोधने नाहीत, ती माणसांची खरी नावे आहेत. त्यांतले ‘साहेब’ इंग्रजीत कुठे जोडून, कुठे तोडून लिहिलेले असते, सातबाऱ्यावर ‘उर्फ’ लावून दुसरेच नाव असते आणि आधार कार्डावर तिसरे. आईच्या बाबतीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि रेशन कार्डावर सासरचे, ही तर घरोघरची स्थिती. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हे कागद एका कुटुंबाचे आहेत हे सिद्ध करायचे असते, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात यांना आठवडे लागतात. म्हणून पहिल्या भेटीत पालकांना एकच काम सांगावे: घरातल्या तिघांचेही सगळे दाखले एका पिशवीत घालून आणावेत आणि नावे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. हे वाचन पालकांसाठी पुष्कळदा पहिलेच असते, आणि त्यातून जे निघते ते सभेतल्या कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगाचे असते.

पैशाची बाजू अधिक अवघड आहे, कारण परदेशी विद्यापीठाचे कॅलेंडर आणि शेतकऱ्याच्या पैशाचे कॅलेंडर एकमेकांशी जुळत नाहीत. जिल्ह्यातली अनेक महाविद्यालये, प्रवरानगर-लोणी, संगमनेर, कोपरगाव अशी, साखर कारखान्यांच्या परिसरात वाढली आणि त्यांत शिकणाऱ्या मुलांच्या घरचा मोठा पैसा ऊस, कांदा आणि दूध यांतून येतो. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलला आटोपतो. ऊस दिल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम असला तरी पेमेंट पुष्कळदा हप्त्याहप्त्याने होते. जर्मनीसारख्या देशात हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे व्हिसाचा अर्ज जून-जुलैत करावा लागतो. आणि नेमके तेव्हा बियाणे, खते, पेरणी यांमुळे घरातले खाते रिकामे झालेले असते. अर्जासोबत मागच्या काही महिन्यांचा बँकेचा उतारा जोडायचा असतो आणि त्यात एकदम आलेली मोठी रक्कम दिसली तर ती उसनवारीची समजली जाण्याची भीती असते. मार्चमध्ये मिळालेले उसाचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत घालून त्यांना हात न लावणे, हा यावरचा साधा उपाय. पण तो साधा तेव्हाच, जेव्हा आदल्या दिवाळीत कोणी तो पालकांना सांगितलेला असतो. जुलैमध्ये सांगितलेला उपाय हा उपाय राहत नाही.

याच ठिकाणी पतसंस्थेचा प्रश्न येतो. नगर जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत आणि कित्येक घरांची आयुष्यभराची बचत त्यांतच आहे. परंतु परदेशी वकिलातीच्या दृष्टीने ती बँक नव्हे, त्यामुळे तिथली पावती दाखवून काम भागेल याची खात्री नसते. तसेच शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेक वडिलांनी कधी विवरणपत्र भरलेलेच नसते, आणि अर्जात दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली की आपण काही चुकलो की काय अशा संकोचाने ते गप्प बसतात. त्यांनी चुकलेले काही नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ऐपतीचा दाखला, सातबारा व आठ-अ, कारखान्याची ऊसबिले आणि बाजार समितीतल्या कांद्याच्या पट्ट्या यांचे इंग्रजी भाषांतर करून, आपल्या देशात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो हे सांगणारे एक पानभर पत्र सोबत जोडले की, हे कुटुंब कसे जगते आणि कशाच्या बळावर मुलाला पाठवते, ते परक्या अधिकाऱ्याला समजू शकते. असे पत्र लिहायला बसवणे हे या कामातले सर्वांत समाधानाचे काम आहे, कारण त्यात एखाद्या शेतकऱ्याचे वर्ष, त्याच्या पाण्यासह आणि भावासह, पहिल्यांदा नीट कागदावर उतरते.

जमिनीच्या जोरावर कर्ज मिळेल ही समजूतही वेळीच दूर करावी लागते. थकीत कर्ज वसूल करण्यासाठी बँकांना तारण मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार देणारा २००२ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत आणि गावठाणातले घर किंवा शहरातला फ्लॅट मागतात. शिवाय सातबाऱ्यावर आजोबांचे, चुलत्यांचे आणि आत्यांचे सामाईक नाव असते. अशा वेळी कर्जाचा प्रश्न हा भाऊकीचा प्रश्न होतो. चुलत्याची सही हवी असेल तर त्याला दारात निरोप घ्यायला बोलावण्याआधी, बेत ठरतानाच बोलावले पाहिजे. ज्या घरांत आजोबा आणि चुलते पहिल्या चर्चेपासून बसलेले होते, त्या घरांत पुढच्या सहा महिन्यांचा ताण कितीतरी कमी राहिला, असा अनुभव आहे.

जर्मनीचे राखीव खाते ही अशीच एक न समजलेली गोष्ट. विद्यार्थ्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च भागेल याची हमी म्हणून तिथे एका बंद खात्यात रक्कम आधी भरावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा दर महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, असा आहे आणि एका सत्रासाठी त्याच प्रमाणात कमी रक्कम लागते. पुष्कळ पालक ही रक्कम फी समजतात आणि गेलेले पैसे म्हणून तिचा हिशेब सोडून देतात. वास्तविक ती विद्यार्थ्याचीच असते आणि दरमहा त्याच्या हातात पडते. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर असल्याने एका सत्राला ती आड येत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर बँक आगाऊ कर कापत नाही, एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते.

कागद आणि पैसा यांपलीकडे पालकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे विद्यापीठ त्यांच्याशी बोलत नाही. इथे मुलगा चार दिवस वर्गात दिसला नाही तर वडील थेट वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना फोन करतात, आणि सर त्यांना ओळखतातही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो आणि त्याच्या संमतीशिवाय विद्यापीठ त्या नोंदी सहसा पालकांना दाखवत नाही. युरोपातही २०१८ पासून लागू असलेल्या नियमांमुळे सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय कोणाला देता येत नाही. फी भरणाऱ्या बापाला गुण न सांगणारे विद्यापीठ हे पालकांना आधी उद्धटपणाचे वाटते. हे आधी समजावून सांगितलेले नसेल तर पहिल्या महिन्यातच संशय जन्मतो: मुलगा काहीतरी लपवतो आहे, महाविद्यालयानेही हात झटकले. समजावून सांगितलेले असेल तर तेच पालक मुलाशी वेगळा करार करतात. गुण आले की त्याने स्वतः सांगायचे, आजारी पडला तर लपवायचे नाही, आणि आईवडिलांनीही रोज हजेरी घ्यायची नाही. वीस वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल स्वतः उत्तर द्यायचे, ही सवय घरात आधी लागली नसेल तर ती परदेशात अचानक लागत नाही.

फोनच्या वेळेची गोष्ट किरकोळ वाटते, पण ती किरकोळ नाही. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते, कारण तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास सरकवतात. नगर जिल्ह्यातल्या घराची संध्याकाळ दुधाभोवती फिरते. धारा काढून, डेअरीला दूध घालून मोकळे व्हायला सात वाजतात, आणि तेव्हा मुलगा तिथे वर्गात असतो. आठवड्यातले दोन वार आणि एक वेळ आधी ठरलेली असेल तर न लागलेल्या फोनची धास्ती उरत नाही. ठरलेली नसेल तर आई रात्री दोनपर्यंत फोन उशाशी घेऊन जागते, आणि हे ती मुलाला कधीही सांगत नाही.

डब्याचा विषयही सभेत गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण आईच्या तयारीला तिथेच वाट मिळते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत; म्हणजे घरचे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या हे सगळे घरीच ठेवावे लागते. दुबईमार्गे जाणाऱ्याने खसखस लावलेले अनारसे तर मुळीच नेऊ नयेत, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट मात्र चालते, आणि नियम माहीत झालेली आई मग आणखी मनापासून पिशव्या भरते. औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनातच न्यावीत.

मुलगी जाणार असेल तर सभेत न विचारला जाणारा एक प्रश्न असतो. तो नंतर, बाहेर व्हरांड्यात, बहुधा मामा विचारतो: परत आल्यावर स्थळे येतील ना? या प्रश्नाचा राग धरू नये. तो विचारणाऱ्याची काळजी खरी असते आणि गावाच्या तोंडाला तोंड त्यालाच द्यायचे असते. त्याला पटेल असे उत्तर एकच, की मुलगी कुठे राहणार, कोणासोबत खोली घेणार, रात्री उशीर झाला तर कशाने परतणार, हे सगळे ठाऊक असलेले घर गावाला ठामपणे उत्तर देऊ शकते, आणि काहीच माहीत नसलेले घर नजर चुकवते. गावाला नजर चुकवलेली लगेच कळते.

सर्वांत नाजूक बाब मात्र घरी घडणाऱ्या गोष्टींची आहे. विद्यार्थ्याच्या परदेशातल्या आजारपणासाठी विमा असतो, युरोपभर ११२ हा संकटकालीन क्रमांक असतो, भारतीय दूतावास असतो. पण विद्यार्थी दूर असताना घरातले आजोबा आजारी पडले तर काय करायचे, याची तयारी कोणीच केलेली नसते. परीक्षा तोंडावर आहे, उगाच त्याचे चित्त विचलित कशाला करायचे, म्हणून घरचे सांगत नाहीत. हे प्रेमानेच केलेले असते. आणि मग एखाद्या चुलतभावाने ठेवलेल्या स्टेटसवरून, किंवा भाऊकीच्या ग्रुपवर आलेल्या दशक्रिया विधीच्या फोटोसहित निरोपावरून, त्या मुलाला आजोबा गेल्याचे कळते. ज्या मार्गदर्शकाने अशा एका मुलाचा परदेशातून आलेला फोन घेतला असेल, तो पुढच्या प्रत्येक सभेत हा विषय स्वतःहून काढतो, कितीही अशुभ वाटला तरी. विद्यार्थी निघण्याआधी घरच्यांनी त्याच्यासमोर बसून ठरवावे: काही झाले तर सांगायचे की नाही, कोणी सांगायचे, आणि त्याला यायचे असेल तर तिकिटाचे पैसे कुठे ठेवले आहेत. बहुतेक मुले एकच मागणे मागतात, की लपवू नका. हे मागणे त्यांच्या तोंडून आईवडिलांनी एकदा ऐकलेले असले की पुढे धीर राहतो. आणि उलट वेळही येऊ शकते, म्हणून आईवडिलांपैकी एकाने तरी स्वतःचा पासपोर्ट त्याच वेळी काढून ठेवावा, म्हणजे मुलाला तिथे रुग्णालयात दाखल करावे लागले तर निदान पासपोर्टासाठी खोळंबा होणार नाही.

हे सगळे माहीत असूनही काम चुकते, कारण सभा चुकीच्या वेळी होते. एका महाविद्यालयात पालकसभा घेतली गेली ती व्हिसा हातात आल्यावर, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, पडद्यावर इंग्रजी चित्रफलक लावून. वडील आले, माना डोलावल्या, एकही प्रश्न न विचारता चहा घेऊन गेले, आणि पुढचे पाच महिने तेच प्रश्न एकेक करून रात्रीच्या फोनवर आले. आया त्या सभेला नव्हत्याच, कारण आमंत्रण ‘पालक’ या शब्दाने गेले होते आणि अनेक घरांत त्या शब्दाचा अर्थ वडील एवढाच घेतला गेला. सभेची पद्धत नंतर बदलावी लागली; पण ज्या तुकडीच्या घरांनी ते पाच महिने काढले, त्यांना ते परत मिळाले नाहीत.

म्हणून जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयाला परदेशी सत्रासाठी विद्यार्थी पाठवायचे आहेत, त्याने अर्ज मागवण्याच्या आधी, शक्यतो दिवाळीच्या सुटीत, विद्यार्थ्याच्या तालुक्याला जाऊन, मराठीतून आणि सकाळचे दूध घालून झाल्यानंतरच्या वेळेला पहिली सभा घ्यावी. आणि आमंत्रणाच्या चिठ्ठीवर वडिलांच्या नावाच्या आधी आईचे नाव लिहावे.